पगार

चरईत, बास्त्यांव मेस्त्रींच्या दुकानात,
दारुखान्याहून टेम्पोत घालून आणला तो पियानो.
फोडलेल्या कुठल्याशा बोटीवरचा.
पायांना लोखंडी कड्या,
लाटेत घसरू नये म्हणून.
मेस्त्रींनी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली,
म्हणाले, खालची एक उतरते आहे. बाकी जगेल.

फळी उघडली तर आत
एक गंजकी आलपिन, उंदराने कातरलेली बनात,
कसलीशी काळी बी,
आणि मेणकापडात बांधलेली वही.
ओलिंदा फर्राज. बेलेम.
पाच-पाच रेघा, रेघांवर गाबोळीसारखे ठिपके
(मी चेंदणीचा, मला तेवढंच सुचतं)
आणि समासात पोर्तुगीज.

मला पोर्तुगीज येत नाही.
मेस्त्रींना दोन प्रार्थना येतात, त्याही अर्थाशिवाय.
पण रात्री शटर अर्धं ओढून
मी अक्षरं लावत बसलो,
आणि एकेक शब्द चुलतभावासारखा समोर आला,
परमुलखात वाढलेला, नाक मात्र आपलंच.
चावी.
मेस्त्री.
नाताळ.
लिलाव.

एवढ्यावर मी बाईंचं आयुष्य उभं केलं.
कुणी मेस्त्री असेल, बोटांवर रूळ मारणारा.
नाताळात चर्चमध्ये वाजवलं असेल.
मग बापाचं दुकान लिलावात,
दुकानाबरोबर घरातला पियानोही.
एका पानाला सिनेमाचं तिकीट चिकटलेलं, एकोणीसशे एकवीसचं.
म्हणजे मुक्या चित्रांखाली बसून
घोड्यांना टापा दिल्या, विधवांना हुंदके.
आणि जवळजवळ प्रत्येक चालीखाली:
पगार.
पुढे आकडा.

मला बरं वाटलं.
आईला म्हटलं, बाई कमावती होती,
दर गाण्याला पगार.
आई सुरमईचे तुकडे करत होती.
म्हणाली, मग वही लपवली कशाला?

सिस्टर क्लेमेंसिया, वय एक्क्याण्णव,
शाळा गोव्यात, फिरंग्यांच्या वेळची.
भिंग धरून वाचत राहिल्या.
चहावर साय आली.
अरे बाळा, म्हणाल्या,
पगार म्हणजे पगार नव्हे.
पगार म्हणजे द्यायचे आहेत.
चांभाराचे. डॉक्टरचे.
पियानोच्या भाड्याचे, तीन महिन्यांचे.
हा वॉल्ट्झ एका प्रकाशकाला दिला,
त्याने स्वतःचं नाव छापलं;
त्या पैशात बूट आले, तेही एकाच पायाला नीट बसणारे.
ही चाल आईच्या शवपेटीसाठी विकली.
ही विकली गेली नाही.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
मासुंदा तलावात कुणी पायाने होडी चालवत होतं,
गोल गोल.

शेवटची बारा पानं बोटीवरची.
तिथे आकडे नाहीत, पगार नाही.
बंदरांची नावं,
आणि डाव्या हाताचे सूर असे
की भरतीला खाडीचं पाणी चिखलात शिरतं,
न विचारता, एकाच बाजूने.
सिस्टरनी एक बोट टेबलावर वाजवून दाखवलं,
मग हसल्या, मला येत नाही रे.

शेवटच्या पानावर सात मात्रा, अर्धवट.
बाजूला ओळ.
सिस्टरनी ती दोनदा वाचली:
"मेस्त्री, खालचा ला रोज रात्री उतरतो.
कृपा करून बघा."

दुकानात येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं.
बास्त्यांव मेस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.
कधीची तक्रार?
अडतीस सालची.
हं, म्हणाले.
उठले, चावी घेतली,
कान फळीला लावून
त्या एका तारेशी तासभर बसले.
मला म्हणाले, सांग बाईंना, झालं.

कुणाला सांगणार?
घोडबंदरच्या एका शाळेने पियानो नेला,
आठव्या दिवशी बाईंचा फोन आला, संगीताच्या बाईंचा:
खालची एक पट्टी
परत उतरली आहे.