कडी

उदगीरला, देगलूर रोडला, माझं वेल्डिंगचं दुकान.
अर्ध्या गल्लीची गेटं माझ्या हातची.
लोक डिझाइन निवडतात:
मोर, कमळ, उगवता सूर्य, नाहीतर मालकाचं नाव.
कडी कुठं लावणार, हे कुणी विचारत नाही.
कडी मी माझ्या खांद्याशी लावतो.
टेप लागत नाही.
हात सहज जाईल तिथं खडूची खूण.

घरचं गेट एकोणीस वर्षांखाली केलं,
उरलेल्या पट्ट्यांचं.
वर दोन मोर.
चौकातल्या नळाला पाणी आठव्या दिवशी.
शेषाबाई येते, डोक्यावर घागर, कडेवर कळशी,
गेटापाशी कळशी उतरवते,
टाचा उचलून कडी काढते,
घागर न हलू देता वाकते,
कळशी घेते, आत जाते.
मला वाटायचं,
बायका अशाच आत येतात.

यंदा शटर मनगटावर आलं.
उजवा हात प्लास्टरात, गळ्यात टांगलेला,
ती बहिणीकडं जळकोटला, आणि पाण्याची पाळी.
डाव्या हातानं कळशी आणली
आणि माझ्याच गेटापुढं उभा राहिलो,
मोर बघत.
हनुवटीनं जमेना. कपाळानंही.
कळशी खाली ठेवली, जागा उताराची,
कलंडली.
आठ दिवसांनी आलेलं पाणी नालीत.

समोरच्या अफसानाबी खिडकीतून म्हणाल्या,
"वैजनाथभाऊ, तिथं फरशीचा तुकडा हाय बघा भिंतीला.
त्यो लावते ती खाली."

होता.
शहाबादी, एक कोपरा उडालेला,
मधे कळशीच्या बुडाएवढा गोल झिजलेला.
म्हणजे एकोणीस वर्षं माझ्या गेटाला
एक भाग होता
जो मी केला नव्हता.

प्लास्टर निघालं तशी कडी कापली,
कमरेशी लावली.
कोपरानं, ढोपरानं, कशानंही ढकला, उघडते.
तिला म्हणलं, बघ.
तिनं दोनदा ढकलून बघितलं.
"बरं झालं," म्हणाली. "पण आता शेळ्या बी उघडतील."
हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पुढच्या पाळीला ती आली,
घागर, कळशी.
पायानं फरशी सरकवली,
कळशी उतरवली, टाचा उचलल्या,
हात वर नेला.

तिथं नुसता
कापल्याचा काळा डाग.