पोटातलं

लिमफ्योर्डच्या काठी, स्किव्ह गावात,
एकावन्न वर्षं माझ्या बापानं सायकलींच्या ट्यूबा तपासल्या,
घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरून,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.
फुगवटा आलेली ट्यूब तो गिऱ्हाइकाला परत देत नसे.
"आज चालेल, उद्याही चालेल," म्हणायचा,
"परवाचं कोण सांगणार?"
आणि कात्रीनं तिचे दोन तुकडे.

मी इस्पितळात नळ्या बघते.
रक्त गरगरा फिरवलं की तांबडं तळाशी बसतं, पिवळं वर राहतं,
कुणाकुणाचं साय धरतं.
नावं आम्ही वाचत नाही.
जन्मतारीख, पुढे चार आकडे, बस्स.
मंगळवारी नऊ-अकरा-सत्तेचाळीस आली.
नऊ नोव्हेंबरला आमच्याकडे केक असतो.

एलडीएल जास्त. ट्रायग्लिसराइड जास्त.
ते ठाऊकच होतं: ब्रेडवर लोणी इतकं
की चावल्यावर दातांचे ठसे उमटावेत,
आणि पाइप, फक्त झोपेत विझणारा.
पण खालची ओळ, लिपोप्रोटीन, धाकटा ए,
तिच्यात लोण्याचा दोष नाही.
ती जन्माबरोबर येते, घरातल्या नाकासारखी.

एकसष्ट साली टॉर्किल आजोबा
बिटाच्या शेतात पोट धरून खाली बसले.
दाखल्यावर लिहिलंय: मुतखडा.
मुतखड्यानं कोण मरतं असं,
डबा उघडायच्या आत?

सोनोग्राफीची अंधारी खोली. पोटावर गार जेल.
पडद्यावर महाधमनी,
चार पूर्णांक तीन सेंटीमीटर.
असायला हवी होती दोन.
डॉक्टर रिग्मोर म्हणाल्या, साडेपाचपर्यंत हात लावत नाही आम्ही.
गोळ्या घ्या, पाइप सोडा, वर्षानं या.
बाप शर्ट खोचत म्हणाला,
"माझ्या दुकानात असं चालत नसे."

येताना दोघं सायकली हातात धरून चाललो.
तो वाऱ्याबद्दल बोलला, मग ब्रेकच्या तारेबद्दल.
सगळं पोटात ठेवणारा माणूस.
आई गेली तेही, दुकान विकलं तेही.
कुठेतरी जागा करावीच लागली असेल.

गोळा मात्र माझ्या पोटात.

शेडमध्ये माझा व्हिलाड्स, नऊ वर्षांचा,
आजोबाची दुधावरची साय,
पॉलिश पेपरनं रबर घासतोय.
"अजून घास," म्हातारा सांगतो,
"खरवडल्याशिवाय ठिगळ धरत नाही."
ओठांत पाइप आहे. रिकामा.
तो रिकामाच ओढतोय, कुणी बघत नाहीसं वाटून.

रात्रपाळीला मी माझ्याच दंडाला पट्टा बांधला,
दातांनी ओढून.
नियमात बसत नाही हे.
नळीवर माझी तारीख लिहिली.
दुसरी एक नळी हातात घेतली,
तिच्यावर कुणाची तारीख लिहायची ते ठाऊक होतं,
आणि परत खोक्यात ठेवली.

यंत्र म्हणतं, अठरा मिनिटं.
खिडकीखाली सायकलींची रांग आहे.
तिसरीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे,
इथूनसुद्धा दिसतं.