कान

निझ्वाच्या सनाईयात, पंप दुरुस्तीच्या शेडमध्ये
लेथ बंद केला तरी हातात तासभर लेथ चालूच असतो.
त्या तासात मी बंदूक करत होतो.
करंगळीएवढी.

मूळची खल्फान बिन सैफने आणली होती,
तोड्याची, आजोबांची, माणसाएवढी उंच,
नळीवर चांदीची कडी, त्यातली दोन गेलेली.
थोरला मस्कतला नेतोय, म्हणाला, दिवाणखान्यात टांगणार.
मला खिशातली दे.
आणि वाजली पाहिजे.
हे शेवटचं मोठ्यांदा,
बहिरी माणसं बोलतात तसं.

मी खेडचा टर्नर. शाफ्ट, बुश, इम्पेलर.
चुकलं तर पाणी गळतं, शिवी बसते, संपलं.
इथे मापं घ्यायला बसलो
आणि माझ्याकडची मापंच संपली:
इंच गेला, सूत गेलं, केस गेला,
पुढे काय म्हणायचं?
आई तांदूळ निवडताना कणी वेगळी काढायची,
कणीतली कणी कोंबड्यांना.
तेवढा घोडा.
त्याहून लहान चाप, आणि आत घड्याळातली स्प्रिंग,
जी तीनदा चिमट्यातून उडाली.
मी आणि बिजू लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगलो.
सुभानचाचा, बिजू म्हणाला,
एवढं वाकून मी चर्चमध्येसुद्धा काही मागितलं नाही.
मी म्हणालो, शोध.

दस्त्याला सिद्राचं लाकूड.
सिद्र म्हणजे आपल्या बोरीची बहीण,
हे मला इथे अकरा वर्षं काढल्यावर कळलं,
काटा रुतला तेव्हा.

तीन नळ्या फुकट गेल्या, भोक तिरकं जाई.
चौथी सरळ उतरली.
मग जुन्या बंदुकीला डोळा लावला,
तर तीच उजवीकडे झुकलेली, इतक्या वर्षांच्या उन्हाने किंवा कुणाच्या तरी पडण्याने.
रात्रभर विचार केला.
सकाळी माझी सरळ नळी
मी जराशी वाकवली.

सगळ्यात शेवटी कान.
बंदुकीला कान असतो, नळीच्या बगलेत;
रंजक बाहेर, दारू आत, मधून ठिणगी जाते ती वाट.
चांदीवाल्या हिलालकडून सुईएवढं ड्रिल उसनं आणलं,
पंखा बंद केला, श्वास बंद केला.
आवाज काहीच नाही. बोटाला कळलं:
आरपार.

शुक्रवारी बकऱ्यांचा बाजार उठल्यावर
फलजच्या काठावर बसलो दोघं.
त्याने चिमटीत धरली,
मी शिवणाच्या दोऱ्याची जामगी लावली.

फोडणीत एकच मोहरी पडावी, तेवढी ती वाजली.
लोबानाचा एक झुरका.
दूरची एक उरलेली बकरी वळून बघू लागली.

खल्फान माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
झाली?
मी मान हलवली.
दीड महिना, सव्वीस भाग, चार नळ्या,
बकरीला ऐकू गेली
आणि ज्याची त्याला नाही.

पुन्हा भर, म्हणाला.
या खेपेला त्याने दस्ता दातांत धरला,
नळी फलजच्या पाण्याकडे,
आणि डोळे मिटले.

मोहरी.

त्याची कवळी नव्हती, स्वतःचे दात होते, हे मी तेव्हा पाहिलं.
मान एकदम वर गेली,
कुणी मागून नावाने हाक मारावी तशी.
दात न सोडता तो अरबीत काही बोलला.
मला कळलं नाही. त्यालाही बहुधा ऐकू गेलं नसेल.

पैसे त्याने मोजून दिले, वर खजुरांचा डबा.
दस्त्यावर दोन दातांची खूण उमटली होती.
घासून काढू का, मी खुणेने विचारलं.
त्याने मूठ मिटली.

मोठ्या बंदुकीवर ती खूण नाही.