चौथा ठोका

समुद्राखालून बोगदा झाला
आणि आमची फेरीबोट विकली गेली.
कुठे, ते नीट कोणी सांगत नाही.
हेइनी घरी आला.
चौतीस वर्षं त्याचा बिछाना इंजिनाच्या डोक्यावर होता,
आता माझ्या शेजारी.

पहिला आठवडा मी गादीला दोष दिला.
मग उजेडाला. फेरो बेटांवर जूनमध्ये रात्र अशी होतच नाही,
खिडकीवर मी जाड घोंगडी ठोकली.
तरी हा टक्क जागा.
पहाटे तीनला पाहते, तर फ्रिजला कान लावून उभा.
"उथळ आहे हा," म्हणाला,
एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसा.

शांतता टोचायची त्याला.
शेजारच्या यास्परचं मेंढरू खोकलं
की हा उठून बसायचा:
"काय बंद पडलं?"

नात आली अभ्यासाला, रानवा.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, हाडांची नावं पाठ करायची.
तिच्या भिंतीतून काहीतरी झिरपू लागलं.
पाऊस नव्हे, वारा नव्हे.
लांब कुणीतरी वाळूचा ट्रक उलटा केलाय
आणि तो रिकामाच होत नाही, असं.
"हा तपकिरी आवाज, आजी."
आवाजाला रंग?
"पांढराही असतो. तो नुसता फिसफिसतो.
हा खर्जातला. मन भटकत नाही,
बरगड्या एका दमात मोजून होतात."

हेइनी दारात, एकाच पायात मोजा.
"अजून खाली घे."
तिने घेतला.
"अजून."
"आजोबा, याच्या खाली कानाला कळत नाही."
"कानाला कोण विचारतंय?
टाचांना कळलं पाहिजे."

तीन संध्याकाळी हेच चाललं.
स्पीकर पलंगाखाली, फळ्यांना टेकवून.
कपाटात माझ्या आईच्या बश्या
एकमेकींना हळूच लागू लागल्या.
"जवळ आलंय," तो म्हणाला, "पण फार निरोगी आहे.
आमच्या तिसऱ्या सिलिंडरला खोड होती.
दर चौथा ठोका
एक घोट उशिरा."
रानवाने हाडांचं पुस्तक मिटलं
आणि प्रत्येक चौथा ठोका केसभर मागे ओढला.

"हं," म्हणाला हेइनी.
पुढचं काही बोलायच्या आत
बसल्या जागी झोपला, हातात दुसरा मोजा.

आता तो घोरतो.
रानवा पास झाली का, ते सप्टेंबरात कळेल.
आणि जागी मी आहे.

मला सवय होती ना, निम्म्या थंड पलंगाची,
कुठेच काही न वाजण्याची.
चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका विचारायच्या,
तेव्हा मी म्हणायचे, समुद्र माझी सवत.
उगाच बोल लावला त्याला.
समुद्र त्याने पाहिला तरी किती? खाली खिडकीच नव्हती.
खाली हे होतं:
तेलकट उबेतलं एक लंगडं जनावर,
आणि हा रात्रभर
त्याच्या नाडीवर बोट ठेवून.

झोप येत नाही म्हणून विणायला घेते.
सुलट, सुलट, सुलट.
चौथ्या टाक्याला सुई आपली आपणच थांबते,
मी थांबवत नाही.
बश्याही थांबतात.

मग तो येतो.