राण्यांचं माप

ब्लायनायच्या खाणीत पाटीच्या दगडालाही दर्जा असे.
सगळ्यांत मोठी ती राणी,
मग डचेस, मग काउंटेस,
आणि त्याहून कमी भरली, ती लेडी.
बाप दिवसाला किती राण्या सोलायचा
हे मॉरविद पाढ्यासारखं म्हणून दाखवायची
मेकअपच्या खुर्चीत, डोळे मिटून.
छिन्नी टेकवायची, एकच टोला,
की दगड वहीसारखा उघडायचा.
"संवादाचंही तेच, नेस्टा,
शीर सापडली की जोर लागत नाही."

मी तिची कपडेवाली.
तोंडात कायम टाचण्या,
म्हणून बोलणं तिचं, हुंकार माझा.

लंडनमध्ये सहा वर्षं तिनं ट्रे आत नेले, बाहेर आणले.
एक साहेब म्हणाला, तुमचा 'र' फार खडबडतो,
जरा घासा.
घासला तिनं.
इतका, की नाताळात घरी आली
तेव्हा आतून ग्विलिम गेथिन, सख्खा बाप, म्हणाला,
कोण बोलतंय दारात?
परतीचं तिकीट तिनं चुलीत घातलं.
(हे ती सांगते. मला वाटतं, पैसे परत घेतले असणार.)

मग शाळांचे हॉल, चॅपलांचे व्हरांडे,
एक व्हॅन आणि तिच्यात घडी घातलेला राजवाडा.
मेंढ्या आडव्या आल्या की प्रयोग उशिरा.
ती कायम राणीची दासी, राणीची बहीण,
राणी मेल्याची बातमी आणणारी.
राणी व्हायची ती मॅनेजरची बायको.

मग टीव्ही आला, आमच्या भाषेतला,
आणि मॉरविद झाली नान्सी पोस्ट.
एकोणीस वर्षं तोच काउंटर, तोच काटा,
तोच हिरवा कार्डिगन.
खरे तीन होते. कोपरं मी किसणीनं
एकाच जागी झिजवायचे.
बाजारात बायका तिला पेन्शनचं विचारायच्या
आणि ती सांगायचीही,
सही इथे, तारीख खाली.

नव्या प्रोड्यूसरनं नान्सीला मारलं
नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, पार्सलं लावता लावता.
शनिवारी मॉरविदच्या पायरीवर फुलं,
कुणाची जॅमची बाटली, फडक्यात बांधलेला गोड पाव,
आणि टोपी हातात धरून एक म्हातारा,
घरच्यांना भेटायला आलेला.
दार तिनंच उघडलं.
दोघं बघत राहिले.
शेवटी तो म्हणाला, "फार चांगली होती हो."
"होती," ती म्हणाली.
"आत या. केटल ठेवलीय."

त्यानंतर चार वर्षं फोन वाजला
तो बहुतेक माझाच.

एकाहत्तराव्या वर्षी, ब्लायनायलाच,
बंद पडलेल्या चॅपलात काही पोरांनी नाटक बसवलं.
राणीसाठी त्यांना म्हातारी हवी होती, खरी.
झग्याचं माप घेताना मी म्हटलं,
"उंची कमी झालीय तुझी, बोटभर."
"म्हणजे लेडी," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की टाच सुटली.

प्रयोगाच्या रात्री तिसऱ्या प्रवेशात ती थांबली.
पुस्तक माझ्या हातात. ओळ माझ्या ओठांवर.
देऊ? नको?
ती वर बघत होती.
छपरावर पाऊस, आमचा नेहमीचा,
तिरका, न संपणारा,
आणि त्याच्या नि आमच्या मधे त्या पाट्या,
एकावर एक, पालथ्या.
मग तिनं पुढचं वाक्य उचललं.
त्यात तीन 'र' होते.
तिन्ही खडबडीत. एकही घासलेला नाही.

नंतर हुक काढताना तिनं विचारलं,
"गळत होतं का कुठे?"
मी टाचण्यांमधून म्हटलं, नाही.
"त्याच्या असतील. नसतीलही,"
ती म्हणाली, आणि दुसरा हात बाहीतून काढायला
माझ्यापुढे केला.