मोजून शून्य

शिरोलीच्या फौंड्रीतून दर सोमवारी एक सीएसव्ही येते.
टोकन, नाव, पाळी, रिजेक्ट.
मधे स्वल्पविराम, बाकी कसलं सोंग नाही.
मी ती पीएचपीला ओळ ओळ वाचायला देते
आणि महिनाअखेर गेटवर यादी लागते:
ज्याचं ओतकाम सर्वांत कमी फुटलं, त्याला कुकर.

रिकाम्या जागा फार.
अण्णासो टाइमकीपर एंटर दोनदा दाबतात,
कधी लाइट जाते, रकाना कोराच राहतो.
म्हणून मी एकच अट घातली होती,
रिजेक्ट एम्प्टी असेल तर पुढं चल.
घातली आणि खाली कटवडा खायला गेले.

चौथ्या महिन्यात इलाही शिकलगार जिना चढून आले,
उद्यमनगरात, लेथच्या खडखडाटावरच्या माझ्या खोलीत.
नखांत काळी वाळू.
दोऱ्यात ओवलेल्या पाळीच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.
"म्याडम, मी कामावर न्हवतो व्हय?"

शून्य. शून्य. शून्य.
मधेच एक. त्या दिवशी पंपाचं केसिंग तडकलं होतं.
माझ्या यादीत ते तेवढ्या एकाच दिवशी हजर.

एम्प्टीला शून्यही रिकामंच दिसतं,
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, दोन मार्कांना.
पण तिथल्या शून्याला टोकन नंबर नव्हता.

मग धागा उलटा ओढला.
गेल्या महिन्यात कुकर जिंकलेले सर्जेराव इंगवले
हात मोडून महिनाभर गडहिंग्लजला, सासरवाडीत.
अण्णासोंनी त्यांच्या रकान्यात स्पेसबार दाबला होता,
कोरं दिसू नये म्हणून.
स्पेस म्हणजे भरलेलं,
आणि आकड्यात बदलली की शून्य.
पहिला नंबर.

आता आधी ट्रिम करते,
मग बरोबरची तीन चिन्हं लावून विचारते,
तू खरंच काही नाहीस, की मोजून शून्य आहेस?
अख्ख्या कोऱ्या ओळीला वेगळं विचारावं लागतं,
ती एकच नल मुठीत धरून गप्प बसते.

इलाहीचाचांनी चहा घेतला, चिठ्ठ्या पुन्हा ओवल्या.
जिन्यावरून म्हणाले,
"त्यो शून्य पाडाय आठ तास लागत्यात."

कुकर परत मागायचा का, हे कुणी ठरवेना.
इंगवलेवहिनींनी परवा त्यात मटण लावलं होतं,
अण्णासो जेवून आले,
चार शिट्ट्यांत शिजलं म्हणाले.