कार्ड घातलेलं नाही

ओमारूच्या बंदरामागे, लोकरीच्या गोदामाशी
नायरी हॉलवर्थने किल्ली देतानाच सांगितलं:
मागच्या सीटवर माणूस मावत नाही.
किराणा मावतो.
एकदा कोकरू मावलं होतं, तेही कुरकुरत.

दोन दारं, सहा गिअर,
थोडी विजेवर, बाकी पेट्रोलवर.
मागची काच मधोमध आडव्या पट्टीने कापलेली;
मागच्या ट्रकवाल्याची टोपी दिसते,
बंपर दिसतो,
तो चिडलाय की नाही ते कळत नाही.

सिग्नलला इंजिन गपकन झोपतं.
पहिल्या दिवशी मेली समजून मी खाली उतरलो होतो.

उतारावर ब्रेक दाबला की
खर्चलेलं थोडं परत जमा होतं.
उसनं फेडणारी माझ्या घरात
एवढी एकच वस्तू.

आणि रोज सकाळी, किल्ली फिरवली की
डॅशबोर्डातली जपानी बाई बोलते.
एकच वाक्य, फार अदबीने.
नऊ महिने मी ते 'सुखरूप जा' समजत होतो.
मान लववायचो.
मॉयरा सामान घेऊन गेली त्या सकाळीही लववली.

मग बेकरीतल्या फुमिएला एकदा घरी सोडलं.
तिने ऐकलं, आणि मांडीवरचे पाव सांडेपर्यंत हसली:
"टोलचं कार्ड घातलेलं नाही, म्हणते."

इथे टोलनाकाच नाही.
मेकॅनिक म्हणाला, एक वायर काढतो, बाई गप्प होईल.

वायर आहे तिथेच आहे.
बॅटरी आता चढावर दम टाकते.
समुद्रावरून धुकं आलेलं असतं,
ती सांगते, काहीतरी राहिलंय,
आणि मी खिसे चाचपतो.